दहाव्याच्या दळणातले पिल्लू

केडगाव स्टेशनाच्या मागच्या गल्लीत सरदारबीची गिरणी अजून चालू आहे, याचे श्रेय गावाने घेऊ नये. ती बंद पडावी म्हणून जे जे करता येते ते गावाने केलेले आहे. घरोघरी घरघंट्या आल्या, दुकानांत पिठाच्या चकचकीत पिशव्या आल्या. ज्यांच्या सासवांनी उभा जन्म सरदारबीच्या पिठाच्या भाकरी थापल्या, त्या सुना आता तिच्याकडे तेवढेच आणतात जे घरघंटीच्या घशाखाली उतरत नाही: हरभऱ्याची डाळ, मका, ओलसर बाजरी आणि मयताचे दळण. दहाव्याच्या पिंडाचे पीठ स्वतःच्या स्वयंपाकघरात दळायला मात्र कुणाची छाती होत नाही. ते सरदारबीच्या दाराशी येते.

सरदारबी तळेगाव ढमढेऱ्याच्या तांबोळ्यांची लेक. लग्न होऊन केडगावला आली ती थेट महबूबच्या गिरणीत. महबूब माणूस सज्जन होता. पण पीठ त्याच्या छातीत साठत गेले आणि खोकता खोकता तो गेला. चाळिसावा होताच दीर-जावांनी यंत्र भंगारात घालण्याचा सल्ला दिला. सरदारबीने सल्ला ऐकून घेतला, छिन्नी-हातोडी उचलली आणि गुळगुळीत झालेल्या दगडांना स्वतःच्या हाताने टाकी लावली. बाईने टाकी लावली तर पिठात कच येते, असे पारावरच्या जाणकारांचे मत पडले. कच आली नाही. मत मागे घेण्याची पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे ते मतही आजवर तसेच आहे.

गिरणी म्हटली की उंदीर आले. महबूबच्या हयातीत एकदा औषध घातले होते. उंदीर मेले आणि ते खाऊन त्याची लाडकी मांजरीही तडफडून मेली. तेव्हापासून त्या घरात औषध आले नाही. आली ती मांजरेच. सध्या तिघे होती. फाटक्या कानाची म्हातारी बडी, तिची लेक भुरी, आणि सुभेदार नावाचा आडदांड बोका, जो दिवसभर वाशावर पडून खालच्या जगाकडे तुच्छतेने पाहत असे. माणसांशी त्याचे वैर नव्हते आणि सख्यही नव्हते. परक्या मांजराशी मात्र वैर होते. मागच्या उन्हाळ्यात कुणा भल्या गृहस्थाने एक नकोसे पिल्लू गुपचूप गिरणीच्या पायरीवर सोडले. सकाळी सरदारबीने दार उघडले तेव्हा सुभेदाराने त्याचा गळा धरलेला होता आणि पिल्लू केव्हाच थंड झाले होते.

नव्या पिलाला जुन्या मांजरांत बसवणे ही वेगळी विद्या आहे. लोक पिलाच्या पायांना तूप लावतात, पोत्यात घालून आडवाटेने आणतात, म्हणजे त्याने परतीची वाट विसरावी. सरदारबीचे म्हणणे असे की पिलाला घर पटवून काय उपयोग? घराला पिल्लू पटले पाहिजे, आणि मांजर डोळ्यांनी नव्हे, नाकाने पटते. म्हणून ती यंत्राच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीखाली सांडलेले पीठ मुठीत घेई, जमिनीवरचे, दिवसभराच्या सगळ्या घरांचे मिसळलेले, आणि आधी नव्या पिलाला, मग त्याच हाताने जुन्या मांजरांना अंगभर चोळी. सगळ्यांना एकच वास लागला की ती एकमेकांना चाटू लागत आणि आपला कोण, परका कोण हा हिशेब तिथेच मिटे. सुभेदारही असाच बसवलेला.

या पिठात एका दळणाचा अंश मात्र चालत नसे, मयताच्या. दहाव्याचे दळण दिवसात सर्वांत शेवटी दळायचे. त्यानंतर मूठभर ज्वारी दगडांतून काढायची. याला ती दगड धुणे म्हणे. ते धुण्याचे पीठ लिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांना घालायचे आणि मगच जमीन झाडायची. ज्वारी निघेपर्यंत मयताचे दळण पुरे झाले असे धरत नाहीत. नियम महबूबच्या वडिलांनी गावच्या जाणत्यांकडून घेतला होता. आपल्या धर्मात हे नाही, हे सरदारबीला ठाऊक होते. पण ज्यांचे धान्य त्यांचा नियम, असे म्हणून तिने तो पाळला, आणि ज्यांचा नियम होता त्यांच्यापेक्षा जास्त कसोशीने पाळला.

सरूबाई ही तिची सर्वांत जुनी गिऱ्हाईक. पारगाव रस्त्याच्या वस्तीवरून ती डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि वजनकाट्याशेजारी पालथ्या घातलेल्या पत्र्याच्या डब्यावर बसायची. इतर बायका धान्य टाकून बाजार उरकायला जात. सरूबाई आपले पीठ हाती पडेपर्यंत उठत नसे. घरी जाण्याची घाई असावी असे तिच्या घरात काही नव्हते. मुलगा दत्ता भाजीची पिकअप चालवी आणि आईशी गाडीच्या हॉर्नइतकेच बोले. सून शितल तेवढेही बोलत नसे. सरूबाई डब्यावर बसे, गुडघे चोळी, आणि भुरी-बडी तिच्या नडग्यांना अंग घाशीत फिरत. वाशावरचा सुभेदारसुद्धा तिच्यासाठी खाली उतरे.

उन्हाळा लागता लागता तिच्या वस्तीवरची मांजरी हायवेवर गाडीखाली सापडली. मागे एकच पिल्लू वाचले, राखेच्या रंगाचे, मुठीत मावेल एवढे. सरूबाईने त्याला पदराच्या बोळ्याने दूध पाजून जगवले आणि त्याच सुमारास स्वतः खंगत गेली.

“सरदारबी, माझ्यामागं ह्याचं काय गं?” ती शेवटची आली तेव्हा म्हणाली.

“तुझ्यामागं म्हंजी? कुठं निघालीस? चौफुल्याला तमाशा बघाया का?”

“थट्टा नगं करू. मी हाय तवर ह्ये हाय. माझी सून झाडूनी काढंल त्याला.”

“मग आण की हितं.”

“आणीन. पर नुस्तं ठिवू नगंस. त्यांच्यात बसव. एकलं बसायचं लई वंगाळ असतंय, बाई.”

सरदारबीने हो म्हटले. पिल्लू मांजरांत बसवण्याचा शब्द दिला. मरणाऱ्या माणसाला शब्द देणे लोकांना सोपे वाटते, कारण विचारायला परत कुणी येत नाही.

सरूबाई गेली. नवव्या दिवशी, उन्हे कलल्यावर, दत्ता गिरणीच्या दारात उभा राहिला. एका हातात दहाव्याचे धान्य, दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी. पिशवी हलत होती.

“चाची, ह्ये उद्याचं दळण. आन् ही आमच्या मातुश्रींची इस्टेट.”

“हीच तेवढी राहिली व्हती व्हय वाटायची?”

दत्ता हसला. टोमणा त्याला लागला नाही. अशी माणसे टोमण्यांच्या बाबतीत फार सुदैवी असतात. “शितल म्हणती, घरात ह्ये तरी राहील न्हाईतर मी. तुमची मांजरं घेत्यात का बघा. न्हाई घेतलं तर उद्या दहावा उरकून येतो पोतं घिऊन. चौफुल्याला ढाब्यामागं सोडतो. खायला लई असतंय तिथं.”

“कुत्री बी लई असत्यात.”

“मंग, त्यांला बी खायाला नगं का?”

पिशवी जमिनीवर ठेवताच पिल्लू बाहेर आले आणि वाशावरून गुरगुर सुरू झाली. ती मोटारीच्या आवाजातही ऐकू येत होती. बडीने पाठीची कमान केली. भुरी पोत्यामागे सरकली आणि तिथून फिसकारली. सरदारबीने पिलाला टोपलीखाली झाकले, दिवसाची इतर दळणे संपवली आणि शेवटी दहाव्याचे धान्य वरच्या पेटीत ओतले. दत्ता मोबाईलवर कुणाशी तरी जेवणावळीच्या बुंदीविषयी बोलत होता. पीठ पडले, सरदारबीने ते बांधून त्याच्या हातात दिले, आणि धुण्याच्या ज्वारीची मूठ वाटीतून उचलणार तोच दिवे गेले.

पट्टा फटफट करत मंदावला आणि थांबला. गिरणीत बसलेल्या माणसाच्या कानांना त्या आवाजाची इतकी सवय असते की तो थांबला म्हणजे कुणीतरी खोलीत आले असे वाटते. दत्ता निघून गेला. अंधारू लागले होते. सुभेदार वाशावरून पोत्यांवर आणि पोत्यांवरून जमिनीवर उतरला आणि त्याने टोपलीवर पंजा टाकला. आतून पिलाची किंचाळी आली.

सरदारबी घाईने वाकली. हात सवयीने बाहीखाली गेला, मूठ भरली. तिने टोपली उचलून पिलाला पिठाने माखले, सुभेदाराच्या मानगुटीला धरून त्याच्या तोंडापाठीवर तोच हात फिरवला, मग बडीला, मग भुरीला. शेवटचे दळण कोणाचे होते हे तिच्या हाताला ठाऊक नव्हते.

गुरगुर एकदम बंद झाली.

एरवी पीठ चोळल्यावर मांजरे आधी शिंकत, मग हुंगत, मग नाखुशीने चाटू लागत. या वेळी कुणी शिंकले नाही. तिघेही स्तब्ध उभी राहिली. मग ती वळली. पिलाकडे नव्हे, वजनकाट्याकडे. राखेच्या रंगाचे पिल्लू, जे आजवर या गिरणीत कधीच आले नव्हते, सरळ चालत पालथ्या डब्यापाशी गेले आणि त्याच्या पुढ्यात, जिथे बसलेल्या माणसाची पावले टेकतात तिथे, अंगाचे मुटकुळे करून पडले.

मागच्या दाराने सरदारबीची सून आसमीन मोबाईलचा उजेड घेऊन आली. “अम्मी, चहा ठेवलाय. अंधारात काय करताय?” आणि मग, हळूच, “अम्मी, ही कुणाला अंग घासतायत?”

बडी आणि भुरी शेपट्या ताठ उभ्या करून डब्याभोवती फिरत होत्या. डब्याला त्यांचे अंग लागत नव्हते. डब्याच्या वीतभर पुढे, रिकाम्या हवेत, माणसाच्या नडगीच्या उंचीवर, त्या गाल घाशीत होत्या. आणि घासताना त्यांची मान जशी समोरचे काही घट्ट असल्यावर मागे रेटली जाते, तशी रेटली जात होती. सुभेदार पुढ्यात बसून वर पाहत होता, बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहावे तसा.

आसमीनच्या हातातला उजेड काट्यावरून सरकला आणि खिडकीतल्या वाटीवर थांबला. वाटीत ज्वारीची मूठ तशीच होती. सरदारबीने ती पाहिली आणि स्वतःच्या पांढऱ्या तळव्यांकडे पाहिले. मग ती भानावर आली. ओले फडके घेऊन तिने पिलाला पुसले, पण तोवर भुरीने त्याला आणि बडीने भुरीला चाटून काढले होते. पीठ पोटात गेले होते.

“भूल झाली,” ती म्हणाली. “दळण पुरं झालं न्हाई.”

आसमीनने विचारले, “मग?”

“मग काय. पुरं झाल्याबिगर ती कवा उठली हाय?”

दोघींनी चहा मागच्या खोलीत घेतला. दाराची कडी कुणी लावली हे त्या एकमेकींना बोलल्या नाहीत.

सकाळीही वीज आली नव्हती. अनसाबाई नावाची शेजारीण बाजरी घेऊन आली, लाईट येईल येईल म्हणून टेकायला जागा शोधू लागली आणि डब्याकडे वळली. तिन्ही मांजरांनी एकदम केस पिंजारले.

“अगं बया! रिझर्व हाय का काय ह्ये?” अनसाबाई हसली, तरी टेकली, आणि टेकता टेकताच उठली. हसणे तोंडावर अर्धेच राहिले होते. “गार लागतंय गं पत्र्याला. ऐन उन्हाळ्यात.” बाजरी तिथेच टाकून ती गेली. तिच्यामागून आलेल्या बायकांनीही धान्य उंबऱ्याबाहेरूनच आत सरकवले. कारण कुणी सांगितले नाही.

सरदारबी मात्र आतच बसून होती आणि एकाच गोष्टीचा विचार करत होती. पिल्लू बसले होते. इतके निर्धास्त बसलेले पिल्लू तिने आयुष्यात पाहिले नव्हते. सुभेदाराच्या पंजांमध्ये डोके ठेवून ते झोपले होते. पण ते मांजरांत बसले होते की सरूबाईच्या पायांशी? दगड धुतला की सरूबाई उठणार. ती उठली की सुभेदाराला समोर काय दिसेल? परके पिल्लू. आणि दगड न धुवावा, तर गिरणी सुरू करता येत नाही. मयताच्या पिठात गावाची बाजरी मिसळायची नाही. शिवाय जिला जिवंतपणी तिच्या घरात टेकायला जागा नव्हती, तिला मेल्यावर एका मांजरासाठी पत्र्याच्या डब्यावर राखणीला बसवून ठेवायचे? कुठल्या तोंडाने? शब्द पाळावा तर मैत्रीण अडकते. मैत्रिणीला सोडवावे तर शब्दासकट पिलाचा गळा जातो.

दुपारी दत्ता आला. डोके तासलेले, काखेत पोते.

“बसलं का, चाची?”

“कावळा शिवला का?” सरदारबीने उलट विचारले.

दत्ताने मान खाजवली. “कावळं व्हतं की झाडावर ढीगभर. पर खाली एक येईना. आईला काय पायजे ते सगळं बोलून झालं. नातवाचं लगीन करू म्हणलो, बंगल्याला नाव देऊ म्हणलो. मंडळी उन्हात खोळंबलेली, बुंदी गार व्हायला लागलेली. मंग दर्भाचा कावळा केला, शिवला आन् उरकलं.”

“मांजराचं बोललास?”

“मांजराचं? चाची, चार माणसांत मांजराचं काय बोलायचं!”

चार माणसांत न बोलण्याजोग्या गोष्टींतच माणसाचा जीव अडकलेला असतो, हे चार माणसांना सांगून उपयोग नसतो. तेवढ्यात वरचा दिवा लुकलुकला आणि वीज आली.

तिने वाटी उचलली. आसमीनला पिलाच्या जवळ उभे राहायला सांगितले, “सुभेदार हलला की उचल.” मग मोटार सुरू केली, पट्ट्याची दांडी ओढली, दगड फिरू लागले, आणि तिने ज्वारीची मूठ पेटीत सोडली.

मूठभर दाण्यांना किती वेळ लागणार? बाहीतून पांढरी धार आली, बारीक झाली आणि संपली. सरदारबीने वळून पाहिले.

तिन्ही मांजरांची तोंडे एकदम वर उचलली गेली. जमिनीवर बसलेली मांजरे बसलेल्या माणसाकडे पाहतात त्या उंचीवरून त्यांची नजर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या उंचीवर गेली. आणि हळूहळू, गुडघे धरलेल्या बाईच्या चालीने, दाराकडे सरकू लागली. दारात दत्ता उभा होता. तो बोलता बोलता थांबला आणि चौकटीला पाठ लावून बाजूला झाला. वाट द्यायला सरकावे तसा सरकला. का सरकला ते त्याला सांगता आले नसते. त्याने स्वतःकडे आणि मोकळ्या उंबऱ्याकडे चमकून पाहिले एवढेच. आयुष्यात पहिल्यांदा तो आईच्या वाटेतून बाजूला झाला होता, आणि तेही नकळत.

राखेच्या रंगाचे पिल्लू उठले. आसमीन सुभेदारावर डोळा ठेवून होती, त्यामुळे ते तिच्या पायांजवळून निसटले. शेपटी ताठ उभी करून, मान वर करून, पुढे चाललेल्या कुणाच्या टाचा धरून चालावे तसे ते दाराकडे निघाले. उंबऱ्याशी आले. बाहेर ऊन होते आणि रस्ता होता.

“बघा, निघालंय की आपल्या पायानं,” दत्ता म्हणाला. त्याने पोत्याचे तोंड उघडून धरले. “बरं झालं. माझा बी ताप गेला.”

सरदारबीला हलता येईना. हात पट्ट्याच्या दांडीवर होता आणि दांडी सोडवत नव्हती. सुभेदार उठला होता. त्याची नजर दाराबाहेरून परत आली आणि पिलाच्या पाठीवर पडली, आणि वाशावरून ऐकलेली ती गुरगुर त्याच्या गळ्यात पुन्हा सुरू झाली.

“अल्ला,” आसमीन म्हणाली.

तेव्हा बडी निघाली. तिला घाई नव्हती. ती सुभेदाराच्या अंगावरून गेली आणि जाता जाता तिने त्याच्या नाकावर एक सणसणीत पंजा मारला. एवढ्या मोठ्या बोक्याने कान पाडले आणि तो खाली बसला. बडी उंबऱ्यापाशी पोहोचली. पिलाचे पुढचे पाय बाहेर होते. तिने त्याच्या मानेची कातडी दातांत धरली, पोत्याच्या उघड्या तोंडासमोरून त्याला उचलले आणि आत वळली. फाटका कान ताठ करून, तोंडात ते ओझे लोंबकळत ठेवून, ती मोटारीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे चालू लागली, जिथे भुरी अंग पसरून वाट पाहत होती.

“बसलं,” सरदारबी दत्ताला म्हणाली. “पोतं ने घरी.”

दत्ताने पोत्याची घडी घातली, नीट घातली, आणि घालतच राहिला.

बडीच्या दातांत पिलाची मान मागे वळलेली होती. ते अजून दाराबाहेर, रस्त्यावर, माणसाच्या उंचीवर पाहत होते. आणि त्याचे चारही पाय हवेत, एका संथ चालीने, चालत होते.